रास्पबेरी पायवर साम्बा आणि कप्स: होमस्टेवाल्या घरासाठी फाईल आणि प्रिंटर शेअरिंग

रिव्ह्यू रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरचा आहे पण खरं म्हणजे त्याच्यावर चालणाऱ्या दोन फुकट सॉफ्टवेअरचा, साम्बा आणि कप्स. साम्बामुळे घरातल्या सगळ्या कॉम्प्युटर आणि मोबाईलना एकाच जागी फाईली ठेवता येतात, आणि कप्समुळे साधा यूएसबी वायरचा प्रिंटर सगळ्यांना आपापल्या जागेवरून वापरता येतो. मला हे प्रचंड आवडलंय हे आधीच सांगून टाकते. ज्यांच्या घरी बाहेरची माणसं राहायला येतात आणि आल्या आल्या वाय-फायचा पासवर्ड मागतात, म्हणजे गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, दापोली, मालवण, तारकर्ली सगळीकडचे आपण होमस्टेवाले, त्यांनी तर हे करावंच असं माझं ठाम मत आहे. मोठं लिहिणार आहे कारण या विषयावर मराठीत जे सापडतं ते "शेअर बटण दाबा, एव्हरीवन सिलेक्ट करा, झालं" इथेच संपतं आणि नेमका तिथेच घोळ आहे.

आमचं घर गुहागरला, जांभ्या चिऱ्याचं जुनं घर, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वरच्या बाजूला हापूसची कलमं. चार खोल्या पाहुण्यांना देतो. ऑफिस म्हणजे पडवीतली एक खोली, तिथे डेस्कटॉप आणि जुना एचपीचा लेसर प्रिंटर. माझा लॅपटॉप, नवऱ्याचा लॅपटॉप, धाकटे भाऊजी पुण्याहून आले की त्यांचा, शिवाय सासरे म्हणजे अण्णा सगळं मोबाईलवरच बघतात. सीझनला आंब्याच्या पावत्या, पेट्यांवर लावायची लेबलं, वाशीला जाणाऱ्या गाडीचा हिशोब, आणि वर्षभर पाहुण्यांचे ओळखपत्रांचे स्कॅन, बिलं. हे सगळं पेनड्राईव्हवरून इकडून तिकडे फिरवायचं म्हणजे शेवटी कुठली फाईल नवी आणि कुठली जुनी हेच कळत नाही.

पाय घ्यायच्या आधी आमच्याकडे विंडोजचंच शेअरिंग होतं, एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने करून दिलेलं, नाव लिहीत नाही. त्याने डेस्कटॉपवर पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केलं, फोल्डरला एव्हरीवन आणि फुल कंट्रोल दिलं, नेटवर्क प्रायव्हेट केलं आणि गेला. चालत होतं झकास. मग एकदा कोल्हापूरचं कुटुंब राहायला होतं, त्यातले काका आयटीवाले, ओटीवर झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेले, मी चहा ठेवायला गेले तर हळू आवाजात म्हणाले "वहिनी, जरा हे बघता का". त्यांच्या विंडोज १० मध्ये नेटवर्कवर क्लिक केलं की आमच्या डेस्कटॉपचं नाव दिसत होतं, त्यात ऑफिस, त्यात आधार नावाचा फोल्डर, आणि त्यात आधी येऊन गेलेल्या सगळ्या पाहुण्यांची आधार कार्डं, फोटोसकट. पासवर्ड नाही, काही नाही. आणि फुल कंट्रोल म्हणजे नुसतं बघता येत होतं असं नाही, डिलीट पण करता आलं असतं. त्या काकांचे माझ्यावर खरंच उपकार आहेत, दुसरा कोणी असता तर बोलला पण नसता.

तिथून मी हा विषय मुळापासून वाचायला घेतला. विंडोजमध्ये प्रायव्हेट आणि पब्लिक असे नेटवर्कचे दोन प्रकार आहेत. प्रायव्हेट म्हणजे "या नेटवर्कवरच्या सगळ्यांवर माझा विश्वास आहे" असं आपण कॉम्प्युटरला सांगतो. ज्या वाय-फायचा पासवर्ड खोलीतल्या पाटीवर लिहिलाय ते नेटवर्क प्रायव्हेट कसं असेल? आपल्या कोकणातल्या घरात पाहुणा ओटीवर बसतो, त्याला चहा-पोहे सगळं तिथे मिळतं, पण तो विचारल्याशिवाय माजघरात येत नाही, नेटवर्कचं पण तसंच पाहिजे. पासवर्ड बंद आणि एव्हरीवन चालू म्हणजे माजघराचं दारच काढून ठेवलं.

आणि ही भीती उगाच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारं सॉफ्टवेअर, आलं होतं ते आठवत असेल, एका दिवसात जगभर पसरलं, इंग्लंडमधली सरकारी हॉस्पिटलं ठप्प झाली, ते याच फाईल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतून, एसएमबी व्हर्जन १ मधून घुसत होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी १ ने फाईली शेअर करणारा भाग आपणहून येत नाही. तरी आजही कुणाचा जुना स्कॅनर किंवा टीव्ही चालत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो "एसएमबी १ चालू करा". कृपा करून करू नका. होमग्रुप नावाची सोपी सोय होती ती २०१८ च्या १८०३ व्हर्जनमध्ये काढून टाकली, त्यामुळे तिचे जुने व्हिडिओ बघण्यात पण अर्थ नाही.

विंडोजचं शेअरिंग नीट करताच येत नाही असं नाही हं. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू ठेवा, प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करा, फोल्डरला एव्हरीवन काढून नावानिशी परमिशन द्या, काम होतं. पण ऑफिसचा डेस्कटॉप त्यासाठी सतत चालू ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे पावसात लाईटचा जो खेळ चालतो त्यात डेस्कटॉप दिवसरात्र चालवणं परवडत नाही. शिवाय तोच डेस्कटॉप पाहुण्यांचे पेनड्राईव्ह लावायला, तिकिटं काढायला सगळ्यालाच वापरला जातो, त्याच्यावरच सगळा डेटा नको. म्हणून वेगळं छोटं मशीन.

रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. पाय ४ हा २०१९ चा, पूर्ण वेगाचं गिगाबिट लॅन पोर्ट आणि दोन यूएसबी ३ पोर्ट असलेला. पाच-सात वॅटमध्ये चालतो, त्यामुळे राउटरबरोबर इन्व्हर्टरवर टाकला तर इन्व्हर्टरला कळत पण नाही. एक गोष्ट मात्र नक्की करा, मेमरी कार्डवर चालवू नका. सतत लिहिण्याने आणि अचानक लाईट जाण्याने कार्डं मरतात. यूएसबीवर छोटी एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, लावून त्यावरूनच पाय सुरू करा, पाय ४ ला ते जमतं. आणि चार्जर मोबाईलचा पडलेला नको, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा त्याचाच घ्या, नाहीतर एसएसडी मधेच गायब होते आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो.

आता साम्बा. हे सॉफ्टवेअर १९९२ पासून आहे, ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं, आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रेडीमेड नॅस डब्यांच्या, म्हणजे नेटवर्कवर फाईली ठेवायच्या तयार मशीनच्या, आत पण हेच असतं. म्हणजे नॅसचे पैसे न देता आपण तेच घेतोय. इन्स्टॉल एका कमांडमध्ये होतं. खरं काम एका टेक्स्ट फाईलमध्ये, तिचं नाव एसएमबी डॉट कॉन्फ, आणि मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच आहे की कोणाला काय दिसतं ते सगळं एका पानावर वाचता येतं. विंडोजमध्ये शेअरिंगचा टॅब वेगळा, सिक्युरिटीचा टॅब वेगळा, दोन्ही जुळले तरच चालणार, आणि कोणी कधी काय बदललं ते शोधायला पाच खिडक्या उघडाव्या लागतात. इथे फाईल उघडली की कळलं.

आमच्याकडे तीन शेअर आहेत. "घर" म्हणजे फोटो, कागदपत्रं, सगळ्यांना. "बाग" म्हणजे आंब्याच्या पावत्या आणि लेबलं, अण्णा, मी आणि नवरा. "पाहुणे" म्हणजे ओळखपत्रांचे स्कॅन, फक्त मी आणि नवरा. प्रत्येक शेअरखाली व्हॅलिड युजर्स म्हणून एक ओळ असते त्यात नावं लिहायची, ज्याचं नाव नाही त्याला प्रवेश नाही, विषय संपला. अजून एक ओळ आहे, अॅक्सेस बेस्ड शेअर एनम, ती यस केली की ज्याला परवानगी नाही त्याला तो फोल्डर यादीत दिसत पण नाही. अण्णांच्या मोबाईलवर "पाहुणे" दिसतच नाही, त्यामुळे "हे उघडत का नाही गं" हा प्रश्नच येत नाही.

युजर बनवताना लिनक्सचा (पायवर विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) युजर असा बनवायचा की त्याला पायवर थेट लॉगिनच करता येणार नाही, आणि मग साम्बाचा पासवर्ड वेगळ्या कमांडने द्यायचा. प्रत्येक माणसाला वेगळा. घरातच तर आहोत, एकच पासवर्ड पुरे असं सगळे म्हणतात, पण सीझनला मदतीला मुलगा ठेवतो, त्याला "बाग" लागतं, मे संपला की त्याचं एकट्याचं अकाउंट बंद करायचं, बाकी कोणाला काही सांगावं लागत नाही. एकच पासवर्ड असता तर सगळ्यांचे मोबाईल परत सेट करत बसायला लागलं असतं. पासवर्ड मात्र इंग्रजी अक्षरातच ठेवा, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर तेच अक्षर प्रत्येक ठिकाणी तसंच टाईप होईल याची खात्री नसते. फोल्डर आणि फाईलींची नावं मात्र बिनधास्त मराठीत ठेवा, साम्बाला देवनागरीचं काहीही वावडं नाही, "२०२५ वाशी हिशोब" अशी फाईल विंडोजवर, आयफोनवर, अँड्रॉइडवर सगळीकडे तशीच्या तशी दिसते.

त्याच एसएमबी डॉट कॉन्फ फाईलीत सर्व्हर मिन प्रोटोकॉल एसएमबी ३ करून टाकलं, म्हणजे त्याहून जुन्या व्हर्जनने कोणाला साम्बाला जोडताच येत नाही. साम्बा ४.११ पासून एसएमबी १ आपणहूनच बंद असतं, पण घरात सगळी मशीनं नवी असतील तर २ तरी कशाला ठेवायचं. आणि "पाहुणे" या शेअरला एन्क्रिप्शन सक्तीचं केलं, म्हणजे वायरवरून किंवा हवेतून जाणारा डेटा मधे कोणी पकडला तरी वाचता येणार नाही. पाय ४ ची खरी कमजोरी इथे आहे. त्याच्या चिपमध्ये एन्क्रिप्शनसाठीचं वेगळं हार्डवेअर नाही, त्यामुळे एन्क्रिप्शन चालू केलेल्या शेअरवर मोठ्या फाईली चांगल्याच हळू जातात. आधारच्या स्कॅनला फरक पडत नाही, लग्नाचे व्हिडिओ टाकायचे तर जाणवतं. म्हणून "घर" शेअरला सक्ती केली नाही. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ मध्ये ते हार्डवेअर आहे, बजेट असेल तर आता तोच घ्या.

विंडोजवाल्यांना एक गोष्ट हमखास नडणार ती सांगून ठेवते. विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच नावाने जोडलं जातं. नवऱ्याच्या नावाने "घर" उघडून ठेवलंय आणि त्याच लॅपटॉपवर माझ्या नावाने "पाहुणे" उघडायला गेलात तर एरर १२१९ येतो, मल्टिपल कनेक्शन्स वगैरे लांबलचक वाक्य, आणि माणूस पासवर्ड परत परत टाकत बसतो. पासवर्ड बरोबरच असतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन जुनी नोंद काढायची, लॉगऑफ करून परत यायचं, झालं. दुसरं, विंडोज ११ प्रो च्या २४एच२ व्हर्जनमध्ये बिनपासवर्डची गेस्ट शेअर्स डिफॉल्टने उघडतच नाहीत. खूप लोकांची जुनी सेटिंग त्यामुळे अचानक बंद पडली आणि ते उलटं कसं फिरवायचं ते शोधतायत. फिरवू नका, नाव-पासवर्ड द्या, सगळं सरळ चालतं.

प्रिंटरकडे येते. आमचा लेसर प्रिंटर जुना, त्याला वाय-फाय नाही, पण छपाई अजून खणखणीत आणि टोनर स्वस्त. पायला यूएसबीने जोडला, कप्स टाकलं, एचपी-लिप नावाचं पॅकेज टाकलं आणि प्रिंटर सापडला. कप्सचं सगळं सेटिंग ब्राउझरमधून होतं, पोर्ट ६३१ वर. शेअर करा म्हटलं की आयफोनला तो एअरप्रिंटवाला प्रिंटर म्हणून दिसतो, अँड्रॉइड ८ पासून पुढच्या फोनला पण आतच असलेल्या प्रिंट सर्व्हिसमधून दिसतो, कुठलंही कंपनीचं अॅप टाकावं लागत नाही. विंडोजमध्ये प्रिंटर अॅड करताना पत्ता हाताने दिला की तोही छापायला लागतो. यात माझा सगळ्यात जास्त वेळ वाचतो. अण्णा बागेत कलमाखाली उभे राहून पावतीचा फोटो बघतात, घराच्या वाय-फायच्या टप्प्यात आले की प्रिंट दाबतात, आणि पडवीत कागद बाहेर येतो. लेबलं तर भराभर लागतात, हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गिऱ्हाईक पेटीवर गाव आणि बाग वाचतं, नुसतं "देवगड" लिहून कुठलाही आंबा विकणाऱ्यांच्या गर्दीत आपलं गुहागरचं नाव ठळक छापलेलं बरं.

पण प्रिंटर घ्यायच्या किंवा जोडायच्या आधी एक तपासा, पायचा प्रोसेसर मोबाईलसारखा एआरएम आहे. काही लेसर प्रिंटरचे लिनक्स ड्रायव्हर कंपनीने फक्त इंटेलच्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी दिलेत, ते पायवर चालत नाहीत, आणि आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे काही खपाऊ प्रिंटर नेमके त्यातले आहेत. तसा प्रिंटर असेल तर पाय घेऊ नका, त्याऐवजी माळ्यावर पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून हेच सगळं करा, एक अक्षर बदलत नाही. नवा घेत असाल तर सरळ नेटवर्कवाला आणि एअरप्रिंट लिहिलेला घ्या, त्याला ड्रायव्हरची भानगडच नाही.

प्रिंटरला काय धोका, कागदच तर छापतो, असं वाटतं. पण २०२१ च्या जून-जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या भागात, प्रिंटनाइटमेअर नावाचं भोक सापडलं, प्रिंटरच्या वाटेने अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेता येत होता, मायक्रोसॉफ्टला घाईने पॅच काढावा लागला. कप्स पण सोवळं नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्याबरोबर येणाऱ्या कप्स-ब्राउझ्ड या भागात गंभीर दोष निघाले, तो भाग पोर्ट ६३१ वर कोणाचंही ऐकून घ्यायचा. आपल्याला प्रिंटर वाटायचा आहे, दुसऱ्यांचे शोधायचे नाहीत, त्यामुळे तो भाग बंद केला तरी काही अडत नाही, मी बंद केलाय. आणि अपडेट आपोआप होतील असं पॅकेज टाकून ठेवलंय, कारण सीझनमध्ये कोणाला आठवतंय अपडेट.

आता राउटर, कारण वरचं सगळं करून राउटर मोकळा सोडला तर उपयोग नाही. फायबरबरोबर आलेल्या राउटरमध्ये बहुधा गेस्ट नेटवर्कची सोय असते, मेनूत खोलवर लपलेली असते पण असते. पाहुण्यांना वेगळ्या नावाचं वाय-फाय, त्यातून फक्त इंटरनेट, घरची मशीनं दिसणार नाहीत. घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलून लांब केला, डब्ल्यूपीएस बटण (पासवर्डशिवाय जोडणारं) बंद केलं, राउटरच्या स्टिकरवरचा अॅडमिन पासवर्ड पण बदलला. पायला राउटरमधूनच कायमचा एक आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बांधून दिला नाहीतर लाईट गेली-आली की पत्ता बदलतो आणि सगळे "प्रिंटर ऑफलाईन दाखवतोय" म्हणून हाका मारतात. आणि साम्बाचा ४४५ आणि कप्सचा ६३१ हे पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडायचे नाहीत, कधीही नाही, बाहेरून फाईल बघायचीच असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कला बाहेरून जोडणारी सुरक्षित वाट) करा. गेस्ट नेटवर्क लावल्यावर तपासणं सोपं आहे. एक मोबाईल पाहुण्यांच्या वाय-फायवर टाका, साम्बा उघडायचा प्रयत्न करा, प्रिंट दाबून बघा, काहीच सापडता कामा नये. काही राउटरमध्ये गेस्ट नावालाच असतं, आतलं सगळं दिसतं, म्हणून हे बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पाहुण्यांना प्रिंट पाहिजे असते तेव्हा काय, असं आमच्या जाऊबाईंनी विचारलं. तिकीट, बोर्डिंग पास, कधी मुलांचा प्रोजेक्ट. व्हॉट्सअॅपवर पाठवा म्हणते, मी छापून देते, आणि दिल्यावर चॅटमधून फाईल काढून टाकते. पाहुण्यांच्या नेटवर्कवर प्रिंटर उघडा ठेवायची सोय करता येते पण मला ती नको. ओळखपत्र पण मी आता मास्क्ड आधार मागते, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि बहुतेक लोक आनंदाने देतात. "पाहुणे" फोल्डरमधले जुने स्कॅन ठराविक दिवसांनी पाय आपोआप पुसतो, नोंदवही वेगळी असते. दुसऱ्याचं आधार आपल्याकडे वर्षानुवर्ष पडून राहणं मला पटत नाही, त्यांनी विश्वासाने दिलेलं असतं.

कोकणातल्या घराचं एक वेगळंच दुखणं म्हणजे भिंती. दीड-दीड फुटी जांभ्याची भिंत, त्यातून वाय-फाय जात नाही, मागच्या खोल्यांत एक काडी. मग वाय-फायवरून फाईल कॉपी करताना मधेच तुटते आणि लोक साम्बाला नावं ठेवतात. डेस्कटॉप आणि पाय दोन्ही लॅन वायरनेच जोडा, वायर पीव्हीसी पाईपातून न्या, कारण माळ्यावर उंदीर आणि छपरावर वानर दोघंही वायरीचे शत्रू. माडीवर वायरने दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, लावला, तेव्हा वरच्या खोल्यांचा प्रश्न सुटला.

खारी हवा हा दुसरा. समुद्राच्या एवढं जवळ यूएसबीच्या पिना हिरव्या पडतात. पायला धातूची बंद केस घ्या, जी स्वतःच थंड राहते, पंखेवाली नको, पंखा खारी दमट हवा आत ओढतो. पावसाळ्यात लेसरमधला कागद सादळतो आणि दोन-दोन पानं चिकटून अडकतात, हा कप्सचा दोष नाही, कागदाचा गठ्ठा झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि ट्रेमध्ये लागेल तेवढाच घालायचा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की मी पाय नीट शटडाउन करून प्लग काढते. फायबरच्या काचेतून वीज येत नाही पण विजेच्या तारेतून आणि लॅनमधून येते.

बॅकअपचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. शेअर म्हणजे बॅकअप नाही. एखाद्या लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर आलं तर त्या लॅपटॉपला जे जे फोल्डर लिहिता येतात ते सगळे तो लॉक करणार, साम्बा काय त्याला ओळखत नाही. साम्बात रिसायकल नावाची सोय आहे, कोणी फाईल डिलीट केली तर ती एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, अण्णांच्या बोटाने उडालेल्या पावत्या तिथून परत आल्यात, पण तो काही बॅकअप नव्हे. पाय रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी घेतो, त्या डिस्कला कुठल्याही युजरला साम्बामधून जाता येत नाही. आणि तिसरी एक डिस्क नणंदेकडे, डोंगरावरच्या गावात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं तेव्हा कितीतरी दुकानदारांचे कॉम्प्युटर आणि त्यांच्या शेजारीच ठेवलेला बॅकअप, दोन्ही एकाच वेळी चिखलात गेले. बॅकअप दुसऱ्या गावात पाहिजे, दुसऱ्या खोलीत नाही.

वाईट बाजू सांगायच्या तर पहिली म्हणजे काळ्या खिडकीत कमांड टाईप कराव्या लागतात आणि एसएमबी डॉट कॉन्फमध्ये एक अक्षर चुकलं की शेअर उघडत नाही. टेस्टपार्म नावाची कमांड आहे ती फाईल तपासून चूक दाखवते, प्रत्येक बदलानंतर ती चालवायचीच. दुसरी, घरात एकाला तरी हे माहीत पाहिजे. मी कॉन्फ फाईल छापून, युजरची नावं लिहून देवघराच्या कपाटात ठेवलीये, पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात. तिसरी, काही अँड्रॉइड फोनच्या आतल्या फाईल अॅपला नेटवर्क फोल्डर उघडता येत नाहीत, वेगळं अॅप टाकावं लागतं. आयफोनमध्ये आयओएस १३ पासून फाईल्स अॅपमध्येच ते आहे.

पाच पैकी साडेचार देते, अर्धा कापला तो एन्क्रिप्शनच्या वेगाचा आणि ड्रायव्हरच्या भानगडीचा. एकच कॉम्प्युटर आणि एकच माणूस असलेल्या घराला याची गरज नाही, तिथे वाय-फायवाला प्रिंटर पुरे. कमांड टाईप करायची अजिबात तयारी नसेल तर रेडीमेड नॅस घ्या, पण त्याचं गेस्ट अकाउंट बंद करा आणि अॅडमिन पासवर्ड बदला. आणि कोणाला पैसे देऊन करून घेणार असाल तर काम झाल्यावर त्याच्यासमोरच मोबाईल पाहुण्यांच्या वाय-फायवर टाकून घरचा फोल्डर उघडायला सांगा. उघडला तर पैसे द्यायच्या आधी बंद करून घ्या.